डोंगरामागची बीज

लहानपणी मला वाटायचं, भाऊबीजेला डोंगराला ओवाळतात.

तसं वाटायला कारण होतं. आमचं घर डिचोलीच्या बाजारापासून आत, खोलगट जागी. पूर्वेला पोफळीची कुळागरं आणि पश्चिमेला अंगणाला खेटून उभा असल्यासारखा डोंगर. शाळा सुटून मी घरी पोचायची तेव्हा अंगणात सावली आलेली असायची. सूर्य गेला, असं आम्ही म्हणायचो आणि त्यानंतर चांगला तास-दीड तास उजेड असायचा. सूर्य गेल्यावर उजेड कसा, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही. मलाही नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आई तुळशीपुढं पाट मांडायची, पाटाभोवती रांगोळी घालायची. पाटावर कोणी बसायचं नाही. आई ताट घेऊन डोंगराकडं तोंड करून उभी राहायची, डोंगराला कुंकू दाखवायची, अक्षता टाकायची, ओवाळायची. मग ताट माझ्या हातात. मीही तसंच करायची. तिला भाऊ नव्हता, मला भाऊ नाही. मी एकुलती एक.

जिला भाऊ नाही तिनं बीजेच्या चंद्राला ओवाळायचं, ही जुनी रीत. चंद्र तिचा भाऊ. इतर मुलांना चांदोमामा गोष्टीतला असतो, मला तो नात्यानं होता. पण तो डोंगराच्या मागं राहायचा. आमच्या गावात बीजेचा चंद्र मी कधीच पाहिला नाही, आणि न दिसणाऱ्याला ओवाळण्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही. देवळातल्या देवाला आपण रोज कुठं पाहतो?

त्याच संध्याकाळी माझी आते यायची. बाबांची थोरली बहीण, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिला ओवाळायला भाऊ होता, माझे बाबा, आणि तो तिच्यासमोर नव्या शर्टात पाटावर बसलेला असायचा. ओवाळणीच्या आधी चंद्राला ताट दाखवायचं म्हणून ती खिडकीतूनच हात बाहेर काढून डोंगराकडं ताट हलवायची आणि आत वळायची. आई मात्र अंगणात उभीच.

"वयनी, तुजो भाव आयलो काय ना अजून?" आते आतून विचारायची.

"येतलो. चढण चढता आसा," आई म्हणायची.

"दर वर्सा चडटाच आसा तो. देंवता केन्ना?" म्हणजे उतरतो कधी.

सगळे हसायचे. आईही हसायची. बाबांना भूक लागलेली असायची. ते म्हणायचे, "डोंगराफाटल्यान आसा तो. ओवाळ आनी पानां वाड."

आणि आई पानं वाढायची. पाच तऱ्हेचे फोव म्हणजे पोहे, भाज्या, खीर. आतेला आग्रह करकरून वाढायची. मला कळायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आळीतल्या सगळ्या बायका त्या दिवशी एक तर माहेरी गेलेल्या असायच्या, नाही तर त्यांचे भाऊ त्यांच्याकडं आलेले असायचे. आई तेवढी घरात. नणंद येणार, तिचं बघायला कोणीतरी हवं. आणि ती माहेरी जाईल तरी कोणाला ओवाळायला? हा प्रश्न कोणी तिला तोंडावर विचारला नाही. विचारायची गरजच नव्हती.

तिचं माहेर पेडण्यात, केरीला. तेरेखोलची नदी जिथं समुद्राला मिळते तिथं. पलीकडच्या काठावर किल्ला, अलीकडं सुरूची झाडं, आणि समोर काहीच नाही, नुसता समुद्र. घर वाळूपासून हाकेच्या अंतरावर. आजी असेपर्यंत आम्ही मे महिन्यात जायचो. आजी गेली, घर आईच्या लांबच्या चुलतभावांकडं गेलं, आणि जाणं विरळ होत होत थांबलं. आईच्या बोलण्यात मात्र केरी जशीच्या तशी राहिली. बाबा, आते, आळीतल्या बायका सगळे डिचोलीकडचं बोलायचे आणि आई अजून पेडण्याचं. 'आयलो'ऐवजी 'इलो'. लोक चिडवायचे. ती सुधारायची नाही.

बीजेचा विषय निघाला की ती सांगायची, "आमच्याकडे तो उघडो दिसता. पाण्याच्या वर. मी आणि माझी बहीण वाळूत पाट घालून ओवाळायचो. आईस पण येयची."

"आणि मग?"

"मग काय, जेवायचो."

तिला फुलवून सांगता येत नाही. मला येतं, पण ते पुढं शिकलेलं.

आईनं नंतर एकदा सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा डोंगराला मधोमध एक खिंड होती. दोन-तीन वर्षं बीजेचा चंद्र त्या खिंडीत तिनं पाहिला. थोडाच वेळ, पण पाहिला. मग डोंगरापलीकडं खाण सुरू झाली. खाणीत लोखंडाची माती मिळेपर्यंत वरची जी फुकट माती निघते ती कुठंतरी टाकावी लागते. ती त्या खिंडीत टाकायला लागले. त्याला आमच्याकडं डंप म्हणतात. डंप वाढत वाढत डोंगराइतका झाला, मग डोंगरापेक्षा उंच झाला, पावसात त्यावर गवत उगवलं, आणि माझी पिढी तो डोंगरच समजून वाढली. माती ओतणारे ट्रक दिवसभर चालायचे. त्यातला एक ट्रक माझे बाबा चालवायचे. त्या ट्रकवर आमचं घर चाललं, आणि मी शिकले.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कारण मला सांगायला आवडतं. पणजीला जायला सकाळची बस, उभ्यानं प्रवास, विषय भौतिकशास्त्र. बाबांना कोणी विचारलं मुलगी काय शिकते, तर ते 'सायन्स' म्हणायचे आणि विषय संपवायचे.

दुसऱ्या वर्षाला खगोलशास्त्राचा छोटा भाग होता. शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, क्षितिज म्हणजे काय ते सांगा. सगळ्या मुलांनी एकच सांगितलं, जिथं आकाश जमिनीला टेकतं ती रेषा. मीही तेच सांगितलं असतं, पण मला उत्तर देताना आमचं अंगण आठवलं. आमच्याकडं आकाश डंपाला टेकतं. मी तसं म्हटलं. वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोऱ्याला चाव्यांचा जुडगा बांधून हातात धरला. दोरा सरळ लोंबला. "हा दोरा खाली जातो तसाच वर वाढवा," त्या म्हणाल्या. "वर जिथं जाईल तो तुमच्या डोक्यावरचा बिंदू, खस्वस्तिक. त्यापासून काटकोनात, चहूकडं, जे वर्तुळ येतं ते क्षितिज. डोंगर असो, इमारत असो, त्याची जागा बदलत नाही. तुम्हाला जी कड दिसते ती डोंगराची. क्षितिज त्याच्या मागं, खाली, होतं तिथंच आहे."

मला ते ऐकून काय झालं हे नीट सांगता येत नाही. वहीत मी आकृती काढली. मधे माणूस, चहूकडं वर्तुळ, एका बाजूला डोंगर, आणि वर्तुळ डोंगराच्या पोटातून पलीकडं गेलेलं.

मग एका संध्याकाळी त्या आम्हाला मिरामारच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या, खरं क्षितिज कुठं दिसत असेल तर पाण्यावर दिसतं म्हणून. थंडी संपत आलेली. सूर्य पाण्यात गेला, मुलं भेळेच्या गाड्याकडं वळली, आणि त्या म्हणाल्या, "थांबा, एक वस्तू आहे." थोड्या वेळानं त्यांनी वर बोट केलं. नखाच्या कडेएवढा, बारीक, एका बाजूला कललेला चंद्र. त्याचा उरलेला गोल फिकट राखी, ओळखू येईल न येईल असा.

"मॅडम, आज तिथी कुठली?" मी विचारलं.

"अमावास्या परवा झाली. आज बीज."

मैत्रिणी हसल्या, हिला उपास दिसतोय म्हणाल्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या मामाला बीजेच्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. तो इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मॅडमनी एक युक्तीही शिकवली होती. हात लांब करून मूठ धरायची. मूठ आकाशातली साधारण दहा अंश झाकते. घरी आल्यावर मी अंगणात तुळशीपाशी उभी राहिले आणि डंप मोजला. खाली सपाट जमिनीपासून मूठ, त्यावर मूठ, वर अंगठा. बीजेचा चंद्र सूर्यास्ताला सहसा दीड-दोन मुठींपेक्षा वर नसतो, आणि आकाश काळवंडून तो डोळ्यांना दिसेपर्यंत आणखी उतरलेला असतो. हिशेब अगदी सोपा होता. आमच्या अंगणातून तो दिसणं शक्यच नव्हतं.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. मुठी लावून दाखवल्या. जुनी खिंड एका मुठीएवढी तरी खाली असणार, म्हणून आईला तो दिसायचा, हेही सांगितलं.

बाबांनी घास थांबवला. "म्हणजे तुज्या आवयचो भाव हांवें पुरलो म्हण."

"तुम्ही एकट्यानं नाही पुरला."

"ट्रक म्हजोय आसलो मगो." ते हसले आणि आईकडं पाहिलं. आई हसली नाही. ती मला म्हणाली, "म्हणजे आम्ही ओवाळतो तेव्हा तो थय असताच?"

"असतोच. मागं, खाली."

"मग बरा." तिनं भात वाढला. थोड्या वेळानं म्हणाली, "केरीक अजून दिसत असतलो मा?"

"केरीला काय अडवणार त्याला."

मला तेव्हा आणखी एक गोष्ट सुचली आणि मी मोठ्या ऐटीत ती मांडली. चंद्र रोज एका मुठीपेक्षा जास्त वर सरकतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी, तीजेला, तो आमच्याही डोंगरावर दिसतो. दिसतोच. तर भाऊबीजेऐवजी दुसऱ्या दिवशी ओवाळायचं.

आईला हे नवीन नव्हतं. "दिसता ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "दर वर्सा दिसता. भांडी घासूक भायर येतय तेव्हा डंपावर असता."

"मग?"

"काल येवचो होतो, तो आज इलो. त्याका आता कोण ओवाळता?"

इतकी वर्षं ती तीजेच्या संध्याकाळी भांडी घेऊन बाहेर जायची, आणि तो तिला एक दिवस उशिरा भेटायचा. मी तिथंच ओट्यावर अभ्यास करत असायची. एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एकच लागून राहिलं. आईला एकदा भाऊबीजेच्या संध्याकाळी केरीला न्यायचं. बोलायला सोपं. करायला आते आड येत होती. आते वाईट नव्हती. पण तिचं वर्षातलं हक्काचं येणं ते एकच, आणि ती आल्यावर घरची सून घरात नसणं म्हणजे तिच्या दृष्टीनं दार बंद असण्यासारखं. मी कॉलेजात असताना दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा आईनंच तो मिटवला. "कित्याक उगीच. वन्सं काय म्हणतील?"

पदवी झाली, पुढचं शिक्षण झालं, आणि मला पेडण्याच्या एका शाळेत नोकरी लागली. धारगळला खोली घेतली, हप्त्यानं स्कूटर घेतली. शाळा सुटली की कधी कधी सरळ केरीला जायची. घाटावरून आलेली बाई समुद्राला पाहते तशी मी पाहायची, आधाशासारखी. सगळीकडं उघडं. आईची वस्तू मी एकटी खातेय असं वाटायचं. ज्याच्यासाठी ती झुरते ते मला पगारासोबत फुकट मिळालं होतं, हे काही बरोबर नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीला मी आतेच्या घरी गेले आणि तिलाच सांगितलं. आईशी बोलून उपयोग नव्हता.

"आते, यंदा भावाला दुपारी ओवाळ. दुपारी जेव. संध्याकाळी मी आईला केरीला नेते."

"दनपारां कोण ओवाळटा?"

"पुष्कळ लोक ओवाळतात आता. नोकऱ्या असतात."

"तुजी आवय खंय नोकरेक वता?"

"ती तीस वर्षं तुला वाढतेय, आते. ती नोकरीच झाली."

मी असं बोलायला नको होतं, पण मी अशीच बोलते. आतेनं अडकित्ता हातात घेतला. मग म्हणाली, "आनी थंय कोणाक ओवाळटली? दर्याक?"

"चंद्राला. तिथं तो दिसतो. आपल्याकडं दिसत नाही. बाबांच्या डंपामुळं."

आते काही वेळ सुपारी कातरत बसली. मला वाटलं आता नाही म्हणणार. ती उठून आत गेली आणि जुन्या कंदिलाची काच घेऊन आली. "थंय वारें आसता. निरांजनाक ही घाल. ना जाल्यार पेटोवन पेटोवन मरतल्यो दोगींय."

भाऊबीजेला दुपारी सगळं आटोपलं. खाण तोपर्यंत बंद पडली होती, ट्रक विकला होता, बाबा दिवसभर घरीच असायचे. ते पाटावर बसले, आतेनं ओवाळलं, आई नेहमीसारखी वाढत होती आणि मधे मधे घड्याळाकडं बघत होती. शेवटी आतेच ओरडली, "वच गो वयनी. तो रावचो ना." म्हणजे चंद्र थांबायचा नाही.

आम्ही स्कूटरवरून निघालो. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ, पेडणे. आईनं मांडीवर पिशवी घट्ट धरली होती, पिशवीत ताट, निरांजन आणि चादरीत गुंडाळलेली काच. कोलवाळच्या पुढं तिचं बोलणं वाढलं. इथं अमुक राहायचे, हे वडाचं झाड पूर्वी मोठं होतं. केरीच्या वळणावर मी विचारलं, घरी जायचं का आधी. घरात आता चुलतभाऊ पाहुणे ठेवतात, वरच्या खोल्या पर्यटकांना देतात.

"ताट घेवन खयच्या घरात जातलय?" ती म्हणाली. "सरळ चल."

सुरूच्या झाडांमागं स्कूटर लावली. वाळूत बरीच माणसं होती, काही परदेशी, काही आपली. आई चप्पल हातात घेऊन चालायला लागली आणि कुठं थांबायचं हे तिला ठाऊक असल्यासारखी एका जागी थांबली. पाट आणला नव्हता. तिनं हातानं वाळू सपाट केली आणि बोटानं रांगोळीच्या चार रेषा ओढल्या.

सूर्य बुडाला. आई त्याच्या बरोबर वर पाहत राहिली. मी सांगितलं, "तिथं नाही. डावीकडं बघ. या दिवसांत तो दक्षिणेकडं झुकलेला असतो." हात लांब करून दाखवलं. काहीच दिसत नव्हतं. आकाश अजून फार उजळ होतं. आई एकदा मला म्हणाली, "आज बीज मा नक्की?" शिक्षक म्हणून मी मुलांना शंभरदा सांगितलं होतं की आकाशाचा हिशेब चुकत नाही, आणि त्या क्षणी माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

"दिसलो," आई म्हणाली.

माझ्या आधी तिलाच दिसला. मी बोट केलेल्या जागेपेक्षा थोडा खाली, केसाएवढा.

काचेत निरांजन नीट जळत होतं. तिनं कुंकू लावल्यासारखं बोट हवेत टेकवलं, अक्षता पाण्याकडं टाकल्या आणि ओवाळलं. डिचोलीत ती भराभर ओवाळायची, आतली पानं थांबलेली असायची म्हणून. इथं तिचा हात हळू फिरत होता. दोन मुली मोबाइल घेऊन जवळ आल्या. आईनं पदर ओढून घेतला, पण हात थांबवला नाही. मग तिनं ताट माझ्याकडं दिलं. मी ओवाळलं. काय वाटलं म्हणाल तर, ताट जड वाटलं.

नंतर ती वाळूत बसली. मला वाटलं होतं ओवाळून झालं की निघू. तिचा निघायचा विचार दिसेना. मी तिच्या शेजारी बसले आणि गप्प राहवेना म्हणून शिकवायला लागले.

"आई, ती समोरची पाण्याची रेघ, तीच क्षितिज. ती किती लांब असेल?"

"अरबस्तानाजवळ."

"चार-पाच किलोमीटर. आपण वाळूत उभं राहून पाहिलं तर. पुढं पृथ्वी वळते, म्हणून दिसत नाही. उंचावर चढलं की रेघ लांब जाते."

"इतक्या जवळ?" तिनं पुन्हा पाहिलं. "म्हणजे आमच्या घराकडसून डिचोलीच्या बाजारापर्यंत."

"तेवढंच."

"मी न्हानपणी समजायचय, त्येच्या पलीकडे कोणच नसता." तिनं वाळूतून हात फिरवला. बहिणीची आठवण झाली असावी. ती मुंबईला असते, फोन करते, येत नाही.

चंद्र उतरत होता. पांढरा होता तो पिवळसर झाला, मग तांबूस. आई त्याच्याकडं आणि रेघेकडं आळीपाळीनं बघत होती. तो पाण्याला टेकेल तेव्हाच ती उठणार, हे मला कळलं. पण बीजेचा चंद्र पाण्याला टेकताना दिसत नाही. खाली समुद्रावर जी धुरकट हवा असते तिच्यात तो वरच्या वर विरतो. मला हे माहीत होतं. तिला सांगायचं राहून गेलं.

तो बारीक होत गेला. एका टोकाकडून, मग दुसऱ्या. आई पुढं वाकली.

"बुडालो?" तिनं विचारलं.

"नाही. अजून वर आहे. पण आता दिसणार नाही."

"आसा, पण दिसणा नाय?"

"हो."

ती बराच वेळ त्याच जागेकडं पाहत राहिली. दिवे लागले, किल्ल्याच्या बाजूला एक होडी पलीकडं गेली. मी निरांजन विझवून काच थंड व्हायची वाट पाहिली. शेवटी ती हातावर जोर देऊन उठली आणि म्हणाली, "आता बुडालो असतलो. चल."

परतताना धारगळला हमरस्त्यावर चहाला थांबलो. मनात मी पुढच्या वर्षाचा बेत करत होते, आतेला कसं सांगायचं, या वेळी पाटही न्यायचा. ते मी बोलूनही दाखवलं. आईनं पाव चहात बुडवला आणि तो मऊ पडून तुटेपर्यंत धरून ठेवला.

"फुडल्या वर्सा तू एकटी जा," ती म्हणाली. "माझ्या वाटचा तूच ओवाळ."

"का? आतेचं मी बघते."

"वन्संचा नाय गो." तिनं कप खाली ठेवला. "डिचोलीत तो डोंगरामागे असता. मी आत जातय, पाना वाढतय, भांडी घासतय, आणि तो मागे असताच. थय तो जाता. जाताना माका बघवत नाय."

मी तिला समजावू शकले असते. चंद्र डोंगरामागंही त्याच वेळी बुडतो, तसूभर इकडं तिकडं नाही. मी हे रोज मुलांना शिकवते. मी उठून चहाचे पैसे दिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, आईला चंद्र दिसत नाही हे तिचं दुःख आहे, आणि माझ्या शिक्षणात त्याचं औषध आहे. औषध बरोबरच होतं. दुखणं मला पुरतं कळलं नव्हतं.

त्यानंतर माझं लग्न झालं, पेडण्यातच. लग्न ठरताना मी एकच अट घातली, भाऊबीजेच्या संध्याकाळी तासभर मी किनाऱ्यावर असेन. सासूबाईंना विचित्र वाटलं, पण त्यांनी मानलं. आता माझ्याही नणंदा त्या दिवशी येतात आणि मी डिचोलीला जाऊ शकत नाही. आई तिथं, मी इथं. हे असं होतं हे मला आईकडं पाहून आधीच कळायला हवं होतं. दर भाऊबीजेला मी केरीला जाते, तिच्या वाटचं ओवाळते, माझ्या वाटचं ओवाळते आणि तिला फोन लावते. ती एवढंच विचारते, दिसला का. मी दिसला म्हणते. तो दिसेनासा व्हायच्या आत मी फोन ठेवते. हे आमच्यात कधी ठरलं नाही, पण तसंच चालत आलं.

यंदा दुपारपासून ढग होते. संध्याकाळपर्यंत जातील असं वाटलं. गेले नाहीत. किनाऱ्यावर पोचले तेव्हा पाण्यावर राखी ढगांचा जाड पट्टा बसला होता, वर थोडं आकाश मोकळं, पण चंद्र असायला हवा तिथं काही नाही. सूर्य त्यातच कुठंतरी गेला. मी ताट घेऊन उभी राहिले, अंधार पडायला लागला, आणि फोन वाजला. या वेळी आईनंच केला होता. मागं आतेचा आवाज, ताटांचा आवाज.

"दिसता?" तिनं विचारलं.

मी समोर पाहिलं.

"दिसता," मी म्हटलं.

"कसो आसा?"

"बारीक. थोडा कललेला. पाण्याच्या बराच वर आहे अजून."

"ओवाळलंस?"

"ओवाळतेय."

"ओवाळ. घाई करू नको." मग म्हणाली, "आज फोन ठेवू नको गो."

मी फोन कानाशी धरून ठेवला. तिकडं आतेनं काहीतरी विचारलं, आईनं उत्तर दिलं नाही. इकडं लाटांचा आवाज तिला ऐकू जात असणार.

"आसा अजून?" तिनं विचारलं.

"आसा," मी म्हटलं.